माटोळीचे दुसरे टोक

ओल्या केवणीचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? रानातल्या केवणीच्या झाडाची साल सोलून, पाण्यात भिजवून तिचे दोर वळतात. वास कडवट असतो, ओढ्याच्या तळाशी कुजलेल्या पाल्यासारखा, आणि त्याच्या मागून, जरा उशिराने, एक गोडसर छटा येते. आमच्या पेडण्याच्या बाजूला चवथीच्या आदल्या दिवशी घराघरांतून हा वास येतो. कारण गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी टांगायची तर हाच दोर लागतो. सुतळी चालत नाही. नायलॉन तर नाहीच. तो वास आला की इतरांना सण आठवतो. मला एक वाक्य आठवते — मी एका हवालदाराला सांगितलेले, आणि खोटे.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. कवितेतही नाही — जिथे एरवी मी पुष्कळ काही झाकून का होईना, पण सांगत आले. आज सांगायला बसले आहे. सरळ मुद्द्यावर येता येईल का, ठाऊक नाही. थोडे वळसे घेऊ द्या. आणि आधी आनंदीकाकीविषयी बोलू द्या, कारण तिच्याविषयी बोलताना माझा आवाज स्थिर राहतो.

माझे माहेर डिचोलीकडचे, मुळगावचे. खाणींच्या तांबड्या धुळीत मी वाढले. आमच्या अंगणातली तुळससुद्धा उन्हाळ्यात तांबूस दिसायची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा ह्या गावाचा हिरवेपणा मला अंगावर आल्यासारखा वाटे. त्या पहिल्या दिवसांत कुंपणापलीकडून एक बाई रोज मला न्याहाळायची. एके दिवशी तिने कुंपणातून हात घालून एक वाटी पुढे केली. वाटीत सोलांची कढी होती. "घाल भातार," ती म्हणाली, "आनी रडपाचें बंद कर. सासू पळयतली." सासू बघेल, असे ती मला बजावत होती. मी रडत होते हे घरात कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

ती आनंदीकाकी. नात्याची कोणी नव्हे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक पुतण्या सिंधुदुर्गात असतो. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणात आम्ही दोघींनी ये-जा करून अशी एक फट पाडली, की पुढे तिथे नवे रोप लावूनही धरले नाही. मी तिला कविता वाचून दाखवायचे. ती जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, नारळ खवत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "बरें आसा गो. पूण दर खेपे शेवटाक कित्याक रडयता? मदींच रडय, शेवटाक चाय दी." माझ्या कवितेवर इतकी नेमकी टीका कोणी केली नाही.

शाळेत मी मराठी शिकवते, आणि वर्षानुवर्षे तिथल्या झेंड्याचे काम माझ्याकडे असे. झेंडा काढायचा, घडी घालायची, आत पाकळ्या ठेवायच्या, दोरी ओढणाऱ्या पाहुण्यांना दोरी दाखवायची. त्या पाकळ्या काकीच्या परसातल्या असत. पंधरा ऑगस्टच्या सकाळी केळीच्या पानाची एक पुडी आमच्या पायरीवर ठेवलेली असे, आत दंवाने ओली अबोली. मग मी मुलांपुढे उभी राहून दर वर्षी तेच सांगत असे: झेंडा जमिनीला टेकू देऊ नये, त्यावर काही लिहू नये, तो कपड्यासारखा नेसू नये, पडदा किंवा छत म्हणून कुठे बांधू नये, त्यात काही गुंडाळून नेऊ नये. त्याचा अवमान केला तर तुरुंगवास होऊ शकतो. मात्र, हे सांगताना माझा आवाज आपोआप मऊ होई, फडकवण्यापूर्वी त्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला कायद्यानेच मुभा दिली आहे. इतक्या कडक कलमांमध्ये कोणा एकाला फुले आठवली. मला ते फार आवडे.

काकीलाही मी हे सांगितले होते. ती हसली. "म्हणजे सरकाराकय वास कळता म्हण."

मग घरोघर झेंडा लावायचे ते पहिले वर्ष आले. पंचायतीतून प्रत्येक घराला एक झेंडा मिळाला, काठीसकट, अजून दुकानाच्या घड्या असलेला. त्या वर्षी नियमही सैल झाले होते. रात्रीही झेंडा फडकत ठेवला तरी चालेल असे सांगितले गेले. गावाने तो तसाच ठेवला, पावसात, आठवडा-आठवडा. काकीने मात्र पहिल्याच दिवशी तिन्हीसांजेला उतरवला. "दिवो लायतना भायर कित्याक रावतलो तो?" दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावला, सांजेला पुन्हा घरात. सगळे झाल्यावर तिने तो धुतला, चुलीच्या उबेवर वाळवला आणि आपल्या उशीखाली ठेवून त्याची इस्त्री केली.

आता पुढची गोष्ट कळायला काकीच्या घरची एक रीत ठाऊक हवी. त्या घरात जे काही नवे येई ते आधी देवाचे. वेलाला लागलेला पहिला चिबूड, पहिले काढलेले तोरिंजनाचे फळ, पुतण्याने आणलेली साडी, इतकेच काय, पंखा आणला तेव्हा तो पहिला दिवस देव्हाऱ्याकडे तोंड करून फिरला होता. देवाने वापरले की मग माणसांचे. झेंडाही त्या घरात नवा आला होता.

चवथीचा आदला दिवस. मी नेहमीप्रमाणे काकीकडे माटोळी बांधायला गेले. माटोळी एकट्या माणसाने बांधता येत नाही. ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. छताला टांगलेल्या लाकडी चौकटीत एकाने स्टुलावर चढून दोर ओवायचा आणि दुसऱ्याने खाली टोक ताणून उभे राहायचे — नाहीतर नारळाचा घोस एका बाजूला ओढतो आणि सगळे कलंडते. वर काकी, खाली मी. इतकी वर्षे हेच. सुपारीचे घड, आंबाडे, कवंडळांची लालकेशरी फळे, शेरवडाची पांढरी पाने, घागऱ्यांच्या खुळखुळणाऱ्या शेंगा बांधून झाल्या. मग काकी खाली उतरली, आत गेली, आणि उशीखालचा झेंडा दोन्ही हातांवर घेऊन आली.

"गो बाये, हो देवाच्या माथ्यार बांदलो तर चलता मगो? फुलां चलतात म्हणटालें तूं."

मला माहीत होते. हे तुम्हाला अगदी स्वच्छ सांगायला हवे. मला विसर पडला नव्हता, मी घाईत नव्हते, ऐकण्यात चूक झाली नव्हती. छत म्हणून बांधू नये — हे शब्द मी अवघ्या पंधरवड्यापूर्वी मुलांपुढे उच्चारले होते. एक शब्द पुरे होता: नको. काकीने घडी घालून तो परत उशीखाली ठेवला असता, आणि तेवढ्यावर सगळे संपले असते.

पण तिने तो कसा दिसेल हे दाखवायला चौकटीखाली धरला. तिच्या छपरात एक काचेचे कौल आहे. त्यातून येणारे ऊन त्या कापडातून गाळून खाली उतरले. अजून पूजा न झालेल्या मातीच्या गणपतीच्या सोंडेवर केशरी उजेड पडला, पोटावर हिरवा. आणि मी — काय सांगू — मी मनात एक ओळ जुळवू लागले. मला ती ओळ हवी होती. ती पुरी व्हायला तो उजेड तिथे आणखी थोडा वेळ हवा होता.

"चलता," मी म्हणाले.

काकीने दोन कोपरे बांधले, तिला पुन्हा स्टूल सरकवून चढायचा आळस, म्हणून उरलेले दोन मी चढून बांधले. तिच्या गाठी सरळ, एका ओढीत सुटणाऱ्या. माझ्या नेहमी गुंतलेल्या. ती त्यावरून मला चिडवायची.

चवथीच्या दिवशी दर्शनाला माणसे आली. सगळ्यांनी वर पाहिले, सगळ्यांना सुंदर वाटले. कोणीतरी फोटो काढला. तो कोणा पाहुण्याच्या फोनमधून कोणत्या गटात गेला, तिथून कुठे, मला माहीत नाही आणि शोधायचेही नाही. तक्रार करणाऱ्याने काही खोटे सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप वाड्यावर आली. मी तेव्हा काकीच्या स्वयंपाकघरात हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होते.

हवालदार आमच्याच बाजूचा, त्याची मुलगी माझ्या वर्गात. त्याने बूट काढले, गणपतीला हात जोडले, आणि मग वर पाहिले. त्याचा चेहरा पडला.

"काकी, हें कोणें बांदलें?"

"आदीं पातोळी खा," काकी म्हणाली. "मागीर व्हर म्हाका, खंय व्हरता थंय." न्यायचे तिथे ने, पण खाऊन, असा तिचा सूर.

"मस्करी न्हय काकी. वयर तक्रार गेल्या. झेंडो असो बांदपाक जायना. कायदो आसा."

काकीला खरेच समजले नाही. तिने कायद्याच्या नावाने वर पाहिले, जसे कोणी पाल पडली का म्हणून पाहते. "पूण धुवून बांदला रे. सोवळ्यान." मग हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी दारात उभी होते, हाताला पीठ. त्याच्या नजरेत संशय नव्हता; एखाद्या अवघड कामात ओळखीचे, शिकलेले माणूस भेटल्यावर जो दिलासा वाटतो तो होता.

"बाई, तुमी आसल्यात काय बांदतना?"

त्या वर्षी शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझे नाव पुढे होते. झेंड्याचे काम माझ्याकडे होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होते तेवढे सांगते आहे.

"नाही," मी म्हणाले. शुद्ध मराठीत म्हणाले, शाळेतल्यासारखे. "मी त्या दिवशी म्हापशाला गेले होते. माटोळीचे सामान आणायला."

पाहिलेत? नुसते 'नाही' पुरले नाही मला. मी त्याला बाजार जोडला. आणि ते सामान, बाजारातले नव्हे तर रानातून काकीने स्वतः आणलेले, त्या वेळी आमच्या डोक्यांवर लोंबत होते.

काकीने माझ्याकडे पाहिले. रागाने? नाही. दूध उतू जाण्याआधी आपण जसे बघतो तसे, झटकन. आणि मग तिने तोंड फिरवून हवालदाराला सांगितले, "हांवें एकटेनूच बांदलें."

"एकटेन?" त्याने तिच्या पायांकडे पाहिले. "ह्या घुडग्यांनी?"

"घुडगे म्हजे. तुका कित्याक दुखतात?"

हवालदाराला हसू आले, ते त्याने दाबले. त्यालाही ठाऊक होते ना, माटोळी एकट्याने बांधता येत नाही. त्याच्या घरीही दोन माणसे लागत असतील. तो स्टुलावर चढला आणि झेंडा सोडवू लागला. दोन गाठी एका ओढीत सुटल्या. उरलेल्या दोन सुटेनात. तो नखाने त्या उकलत राहिला, बराच वेळ. खाली घागऱ्यांच्या शेंगा खुळखुळत होत्या आणि मी पिठाचे हात पुसतही नव्हते. शेवटी त्याने झेंडा खाली आणला, फार जपून त्याची घडी घातली आणि एकदाच माझ्याकडे पाहिले.

काकीला ठाण्यावर जाऊन जबानी द्यायची होती. आता एक अडचण उभी राहिली. घरात गणपती असताना घर मोकळे सोडत नाहीत, आणि समईही विझू देत नाहीत. काकीच्या घरात दुसरे माणूस नव्हते. तिने पदर खोवला, नवी साडी सारखी केली, आणि मला म्हणाली, "बाये, दिव्याक तेल पळय. हांव येतां."

ती माझ्या चुकीसाठी जीपमध्ये बसून गेली, आणि मी तिच्या घरात तिच्या देवापाशी बसले. मला तेव्हा काय वाटले, ते लिहिण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला. साधत नाही. इतकेच लिहिते की कौलातले ऊन आता गणपतीवर जसेच्या तसे पडत होते, मातीच्या रंगाचे, आणि मी सारखे सारखे तेल घालत होते. समईतून तेल ओसंडून खालच्या पाटावर आले. मागे धावत जाऊन जीप थांबवता आली असती. ठाण्यावर फोन करता आला असता. कोणालातरी देवापाशी बसवून बसने जाता आले असते. ह्यातले मी काहीच केले नाही. मी घर राखत होते — असे मी स्वतःला सांगितले.

दुपारी काकी परत आली. अवमान करण्याचा हेतू नव्हता, हे सगळ्यांनाच दिसत होते. तिला समज देऊन सोडले होते. तिने पाय धुतले, पाटावर सांडलेले तेल पाहिले, आणि फडक्याने पुसले. "खूब तेल घातलां गो," एवढेच म्हणाली.

पण गाव एवढ्यावर थांबत नाही. पुतण्याने फोनवर तिला पुष्कळ सुनावले, त्याचे शब्द मला कुंपणाच्या अलीकडे ऐकू आले. म्हापशाच्या बसमध्ये बायका तिला जागा द्यायच्या आणि मग एकमेकींच्या कानाला लागायच्या. वाड्यावरची मुले तिला 'बावटो काकी' म्हणू लागली. आमच्याकडे झेंड्याला बावटो म्हणतात. ती मुले माझ्याच शाळेतली. मी त्यांना रागे भरले असते तर त्यांनी ऐकले असते. मी भरले नाही. मला भीती वाटे की मी बोलू लागले तर सगळेच बोलून टाकीन.

काकीने माझ्याशी बोलणे सोडले असते तर? मी कितीदा तशी इच्छा केली. तिने सोडले नाही. कुंपणाच्या फटीतून वाटी येतच राहिली: सोलांची कढी, कधी तिसऱ्या-शिंपल्यांचे सुके, कधी फणसपोळीचे साट. त्या दिवसाविषयी एक अक्षर नाही. टोमणाही नाही, तिला टोमणे इतके छान येत असताना. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा तिने माझ्या केसांत अबोलीचा वळेसर माळला आणि मला दूर उभी करून पाहिले.

पुढच्या पंधरा ऑगस्टला माझी खात्री होती की पायरी रिकामी असेल. पहाटे दार उघडले. केळीच्या पानाची पुडी होती. मी ती शाळेत नेली, पाकळ्या झेंड्याच्या घडीत ठेवल्या. त्या वर्षी दोरी मीच ओढायची होती. झेंडा उलगडला आणि अबोली माझ्या डोक्यावर, खांद्यावर पडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी मुलांपुढे उभी राहिले आणि नियम सांगितले, सगळेच्या सगळे. छताचाही. आवाज कापला का? नाही कापला. तेही लिहून ठेवते.

त्यालाही आता काही चवथी झाल्या. मी अजून त्या शाळेत आहे. हे छापून आले तर गावात कोणीतरी वाचील, कोणीतरी काकीला वाचून दाखवील, आणि मुलांचे आईबाप मला विचारतील. विचारू देत. झेंडा तिथे बांधला तो 'चालते' असे मी सांगितल्यामुळे, आणि त्याची दोन टोके मी स्वतः बांधली. आनंदीकाकीने विचारले होते. तिने विचारण्यासाठी योग्य माणूस निवडला होता.

एकच गोष्ट उरली आहे. त्या प्रकारानंतरच्या पहिल्या चवथीची.

आदल्या दिवशी मी घरातच घुटमळत होते. काकी मला बोलावील असे वाटत नव्हते, आणि न बोलावता जाण्याचे धैर्य नव्हते. मग कुंपणाच्या फटीतून तो वास आला, ओल्या केवणीचा. मी गेले. वर्षभर मनात घडवलेली वाक्ये बरोबर घेऊन गेले. ती चांगली वाक्ये होती, कुठे थांबायचे तेही ठरलेले होते.

काकी स्टुलावर उभी होती, माझ्याकडे पाठ. चौकटीला घड लागले होते, मधली गणपतीच्या माथ्यावरची जागा तिने मोकळी ठेवली होती. ती आजही मोकळी ठेवते. खाली कोणी नव्हते. नारळाचा घोस एका बाजूला ओढत होता आणि ती एका हाताने तो सावरून होती. किती वेळ सावरून होती, मला माहीत नाही.

"काकी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी —"

ती वळली नाही. दोराचे दुसरे टोक तिने पाठीमागून खाली सोडले. ते माझ्या हातापर्यंत आले, ओले, गार.

"धर."